भिलकवडी

आमचं इंदूरच्या लोकमान्य नगरातलं घर बांधलं ते 1984 साली. मी नऊ वर्षांची होते. आम्ही तेव्हा रामबागेत भाड्याने राहायचो आणि रोज संध्याकाळी बाबांच्या सायकलवर पुढे बसून मी बांधकाम बघायला जायची. पायाचे खड्डे खणायला अलिराजपूरकडचं एक भिल्ल कुटुंब आलं होतं. नवरा, बायको, त्याचा धाकटा भाऊ आणि माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी लहान मुलगी. प्लॉटच्या कोपऱ्यात विटा रचून, वर दोन पत्रे टाकून त्यांनी खोपटं केलं होतं. सात महिने ते तिथे राहिले.

आजी त्यांना 'मामा' म्हणायची. बाबाही तसंच म्हणायचे, म्हणून मीही. इंदुरात आणि सगळ्या माळव्या-निमाडात भिल्ल माणसाला 'मामा' म्हणतात. दुकानदार म्हणतो, बसचा कंडक्टर म्हणतो, भाजीवाली म्हणते. 'ऐ मामा, पीछे सरक.' शब्द आईच्या भावाचा, घरच्या लाडाचा. पण स्वर ऐकला की कळतं, ज्याला हाक मारली त्याला आपल्या घरात पाटावर बसवणार नाहीत. आमच्याकडे त्यांच्यासाठी दोन कप वेगळे होते, कान तुटलेले. मागच्या नळाशी विटेवर पालथे घातलेले असायचे. आजी मायाळू होती. त्या मुलीच्या केसांना तेल लावून वेणी घातलेली मी पाहिली आहे. चहा मात्र त्याच कपातून.

स्लॅब पडला, प्लास्टर झालं, आणि शेवटच्या दोन आठवड्यांची मजुरी ठेकेदाराने दिली नाही. एका संध्याकाळी तो माणूस फाटकाशी येऊन उभा राहिला. बाबा म्हणाले, 'मामा, हमने तो ठेकेदार को पूरा दे दिया है. उससे बात करो.' ते खरं होतं. बाबांनी एक पैसा बुडवला नव्हता. तो माणूस थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग मागे वळला. दुसऱ्या दिवशी कोपरा रिकामा होता. खोपटाच्या विटा त्यांनी एकावर एक नीट रचून ठेवल्या होत्या, मोजायला सोप्या जाव्यात म्हणून पाच-पाचच्या थप्प्यांत.

मी आता पन्नाशी ओलांडली आहे. त्या घरात अजून राहते. भिंतीतली एकेक वीट ज्याच्या हातून गेली त्याचं नाव काय होतं, असं आजी गेली त्याच्या आदल्या वर्षी मी तिला विचारलं. आजी खूप वेळ आठवत राहिली. म्हणाली, 'मामाच म्हणायचो गं आपण.'

पुढे बँकेत लागले. वीस वर्षांनी आमच्या शाखेत एक नव्या मॅडम आल्या, अलिराजपूरकडच्या जोबटजवळच्या गावातल्या, भिल्ल. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, हिशेबाला चोख, बोलायला बेताच्या. दोन टेबलं सोडून बसायच्या. फेब्रुवारी सरत आला तसा मी त्यांना उत्साहाने म्हटलं, 'यंदा आम्हाला भगोरियाला न्या की हो! फोटोंमध्ये काय सुंदर दिसतं.' त्यांनी मान खाली घालून दोन व्हाउचर तपासली आणि मग विचारलं, 'भगोरियाबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?'

इंदूरचं वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही जे माहीत असतं, ते मी सांगितलं. मुलगा मुलीला गुलाल लावतो, पान देतो, तिने ते खाल्लं की दोघं पळून जातात, वगैरे.

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, 'होळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या प्रत्येक बाजारगावात ज्याच्या-त्याच्या वाराला हाट भरतो. होळीच्या पूजेचं सामान, गूळ, चणे, नवे कपडे घ्यायला लोक येतात. गुजरातेत मजुरीला गेलेले परत येतात, वर्षभर न भेटलेले भेटतात. ढोल घेऊन येतात, बासरी वाजते. मी बाबांच्या खांद्यावर बसून गेलेली आहे. आता आमच्या मुली जायला धजत नाहीत, कारण शहरातून मोटारी भरून माणसं येतात आणि न विचारता तोंडासमोर कॅमेरा धरतात. त्यांनी पेपरात वाचलेलं असतं ना, इथे मुली पसंत करतात म्हणून.'

माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. झाबुआ, अलिराजपूर, धार, बडवानी, खरगोन या सगळ्या पट्ट्यात आदिवासी संघटना वर्षानुवर्षं हेच सांगत आल्या आहेत की आमच्या हाटाला 'प्रणयपर्व' म्हणू नका. मी ते वाचलंही असेन. पण वाचणं आणि दोन टेबलांपलीकडच्या बाईच्या तोंडून ऐकणं यात फरक पडला, हे मान्य करते. कल्पना करा, पुण्याच्या मंडईतल्या गौरी-गणपतीच्या खरेदीला कुणी 'मराठी मुली बघण्याचा उत्सव' म्हणून छापलं तर आपण काय केलं असतं?

त्या दिवसापासून मी आमच्या घरातल्या गोष्टी नव्याने ऐकायला लागले. आम्ही इंदूरचे मराठी लोक. होळकरांच्या मागोमाग आलो. 1730 च्या सुमारास बाजीरावांनी मल्हाररावांकडे माळव्याचा कारभार दिला, आणि मग शिलेदार, कारकून, भिक्षुक, वैद्य अशी घरंच्या घरं दख्खनेतून वर आली. 'आम्ही तीनशे वर्षं इथले' असं आम्ही छाती फुगवून सांगतो. विंध्य आणि सातपुड्याचे डोंगर त्याआधी कुणाचे होते हा प्रश्न मात्र आमच्या घरात कधी निघाला नाही. गोष्टींत भिल्ल यायचे ते वाटेवर. घाटात यात्रेकरूंना लुटणारे, आणि मग अहिल्याबाईंनी माणसात आणलेले.

अहिल्याबाईंवर माझी श्रद्धा आहे. महेश्वरच्या वाड्यातली ती साधी गादी पाहिली की मी आजही हात जोडते. म्हणूनच जॉन माल्कम या इंग्रजी अमदानीतल्या अधिकाऱ्याने मध्य हिंदुस्थानाबद्दल 1823 साली छापलेलं लिखाण मी पुन्हा नीट वाचलं. अहिल्याबाईंच्या कारभाराची बरीचशी माहिती तिथूनच सगळीकडे गेली आहे. माल्कम सांगतो की डोंगरातल्या भिल्लांना आवरण्यासाठी बाईंनी आधी सौम्य उपाय केले, ते चालेनात तेव्हा कडक झाल्या, काही प्रमुखांना देहदंडही दिला. आणि नंतर त्यांच्याशी बोलणं करून त्यांचा जुना हक्क मान्य केला. त्या हक्काचं नाव भिलकवडी. भिल्लांच्या डोंगरातून जो माल जाईल त्यावर थोडी पट्टी घेण्याचा त्यांचा हक्क. बदल्यात त्यांनी वाट राखायची, आपल्या हद्दीत चोरी झाली तर भरून द्यायची आणि पडीक जमीन कसायची.

मी हे आधी दोनदा वाचलेलं होतं आणि दोन्ही वेळा माझ्या डोक्यात राहिलं ते 'बाईंनी भिल्लांना सुधारलं' एवढंच. तिसऱ्यांदा माझी नजर 'हक्क' या शब्दावर अडली. बाईंनी भिलकवडी नव्याने बहाल केली नव्हती, आधीपासून होती ती मान्य केली होती. म्हणजे ज्याला आमच्या आज्या लूट म्हणायच्या ती, निदान काही ठिकाणी, थकलेली वसुली होती. होळकरांच्या नाक्यावर बैलगाडी अडवून पैसे घेतले की ती जकात. आपल्या डोंगरात भिल्लाने घेतले की दरोडा. अहिल्याबाईंचं मोठेपण मला त्या दिवशी अधिक कळलं, कारण समोरचाही आपल्या मुलखाचा धनी आहे हे त्यांनी कागदावर मान्य केलं होतं. आम्ही त्यांची गोष्ट सांगताना नेमकं तेच गाळत आलो.

सगळेच काही अहिल्याबाई नव्हते. 1804 च्या सुमाराला, खानदेशात दुष्काळ आणि धामधूम असताना, पेशव्यांच्या बाळाजी लक्ष्मण नावाच्या सरसुभेदाराने भिल्लांना बोलणी करायला म्हणून कोपरगावला बोलावलं आणि दगा करून त्यांना पकडलं. बहुतेकांना दोन विहिरींत टाकून मारलं. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये ही नोंद आहे. कोपरगाव माझ्या आत्याचं सासर. गोदावरीत पाय सोडून बसलेली आहे मी तिथे, पेरू खाल्लेले आहेत. त्या विहिरींबद्दल कुणी एक अक्षर काढलं नव्हतं. ते लपवत होते असं मी म्हणणार नाही. त्यांनाही कुणी सांगितलं नसेल. पण तिकडे भिल्लांच्या घरांत मराठा फौजेची आठवण कशी सांगितली जात असेल, याचा विचार मला तोवर शिवलाही नव्हता.

लहानपणी सुट्टीत आम्ही अकोल्याला आजोळी जायचो. मीटरगेजची गाडी महू सोडून पाताळपाणीला आली की थांबायची. पुढे कालाकुंडपर्यंत तीव्र उतार आणि बोगदे, म्हणून रेल्वेच्या भाषेत ती ब्रेक तपासायची थांबण. डब्यातले सगळे मात्र सांगायचे, 'टंट्या मामांना सलाम करायला थांबते.' कुणी खिडकीतून नाणं टाकायचं, कुणी नारळ फोडायचं. आजीसुद्धा कनवटीचे चार आणे काढून माझ्या हातात द्यायची. टंट्या मामांना हात जोडणारी आजी आणि विटेवर कप पालथे घालणारी आजी एकच. याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

टंट्या भील खंडव्याजवळ पंधाना भागातल्या बडदा गावचे. कुळाच्या जमिनीवरून भांडण, मग 'वाईट चालीचा' म्हणून 1874 मध्ये एक वर्ष तुरुंग. 1878 मध्ये पुन्हा धरलं आणि खंडव्याच्या तुरुंगातून ते तीन दिवसांत निसटले. मग अकरा वर्षं सावकारांच्या वह्या जाळणं, धान्य वाटणं, आणि होळकरी व इंग्रजी अशा दोन्ही मुलखांतल्या पोलिसांना गुंगारा. 1889 मध्ये ओळखीच्याच एका माणसाने राखीचं निमित्त करून दगा दिला. त्यांना धरण्यात होळकर सरकारच्या फौजेतला एक अधिकारी पुढे होता. आधी इथे इंदुरात रेसिडेन्सीच्या तुरुंगात ठेवलं, मग जबलपूरला नेलं आणि 4 डिसेंबर 1889 रोजी फाशी दिली. देह पाताळपाणीला रुळांपाशी आणून टाकला असं लोक सांगतात. म्हणून तिथे समाधी.

त्यांना 'भारताचा रॉबिन हूड' म्हणण्याची पद्धत आहे. मला ते रुचत नाही. निमाडातल्या माणसाला मोठं करायला इंग्लंडच्या जंगलातला कशाला हवा? 2021 मध्ये आमच्या भंवरकुआँ चौकाला टंट्या मामांचं नाव दिलं. त्याच चौकाच्या आसपास क्लासेसच्या खोल्यांत झाबुआ-बडवानीकडची शेकडो मुलं दाटीवाटीने राहून परीक्षांचा अभ्यास करतात. त्यांतल्या किती जणांना खोली बघताना आडनाव सांगितल्यावर 'भर गयी' असं ऐकावं लागतं, हे बँकेतल्या मॅडमनी मला सांगितलं. त्यांना स्वतःला चार ठिकाणी ऐकावं लागलं होतं. त्यातलं एक घर मराठी होतं. हे सांगताना त्या क्षणभर थांबल्या, सांगू की नको अशा. बरं झालं सांगितलं.

भाषेवरूनही आमचं बोलणं व्हायचं. मी मुलीशी घरात हट्टाने मराठी बोलते. इंदुरात मराठी टिकावी म्हणून आम्ही गणेशोत्सव, शारदोत्सव, वाचनालयं, काय काय सांभाळतो. एकदा मी हे कौतुकाने सांगत होते. मॅडम म्हणाल्या, 'माझा मुलगा भिली बोलत नाही. समजतं त्याला, पण बोलत नाही. पहिलीत एकदा वर्गात बोलला आणि बाई हसल्या.' 2011 च्या जनगणनेत भिली-भिलोडी मातृभाषा सांगणारे एक कोटी चार लाख निघाले. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत कोंकणी आहे आणि असायलाच हवी, तिचे बोलणारे साडेबावीस लाख. भिली नाही. एक कोटी माणसं ज्या भाषेत ओव्या गातात, भांडतात, भिंतीवरच्या पिठोरा चित्रातल्या घोड्यांची कथा सांगतात, तिला बोली म्हणून बाजूला ठेवण्यात आपल्याला काही वावगं वाटत नाही. मराठीला अभिजात दर्जा मिळाला त्या दिवशी मी पेढे वाटले होते. मॅडमनी पेढा घेतला, मनापासून अभिनंदन केलं. मला घरी गेल्यावर रात्री त्यांच्या मुलाची आठवण आली.

दिलगिरी वाटून घेणं मला सोपं जातं. पण मॅडमना त्याचा काही उपयोग नव्हता, हे मला हळूहळू कळलं. आदिवासी भोळे, निसर्गाची लेकरं, काटक, असं कौतुक मी करायला लागले की त्या विषय बदलायच्या. 2006 चा वनहक्क कायदा आला, त्याच्या प्रस्तावनेतच 'ऐतिहासिक अन्याय' हे शब्द आहेत. देशाच्या संसदेने मान्य केलं की पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर, राहत्या रानात या लोकांना घुसखोर ठरवलं गेलं. पण मॅडमच्या काकांचा त्या कायद्याखालचा दावा नामंजूर झाला होता आणि कारणाचा कागद मिळत नव्हता. तिथे माझं कौतुक काय कामाचं! इंग्रजी-हिंदी अर्ज लिहायची मला सवय आहे. मी म्हटलं, अपिलाचा मसुदा करू का? त्या म्हणाल्या, 'मसुदा वकील करतोय. तुम्ही फक्त जुने महसुली कागद मोडीत आहेत का बघाल? तुमच्या ओळखीत मोडी वाचणारं कुणी असेल.' होतं. रामबागेतच होतं. माझी मदत कुठे लागणार हे त्यांनी ठरवलं, मी नाही. त्यानंतर आमच्यातला अवघडलेपणा बराच गेला.

आणि मग एके वर्षी दिवाळी सरल्यावर त्यांनी आपणहून गावाला बोलावलं. भगोरियाला नाही. म्हणाल्या, 'मका निघालाय, घरी निवांत आहेत सगळे, या.'

मी, नवरा आणि मुलगी गेलो. जोबटच्या पुढे डांबर संपलं की गाव लागतं, पण आपल्या डोळ्यांना गाव दिसत नाही, कारण घरं एकमेकांना चिकटलेली नाहीत. प्रत्येकाचं घर ज्याच्या-त्याच्या शेतात, टेकाडावर, मधे हाकेचं अंतर. अशा दहा-वीस घरांचा फलिया. अंगणात मक्याची कणसं वाळत होती, कोंबड्या त्यांच्यावर टपलेल्या आणि एक आजीबाई काठीने त्यांना हाकत बसलेल्या. शेताच्या बांधाशी एक उभा दगड होता, कमरेएवढा. त्यावर घोडेस्वार कोरलेला, वर सूर्य-चंद्र, आणि ऑइलपेंटने निळा-पिवळा रंगवलेला. गाता म्हणतात त्याला. मॅडमच्या आजोबांचा. मी वाकून बघायला लागले तेव्हा मुलीने फोन काढला. आणि मग तिने तो खाली धरून विचारलं, 'फोटो घेऊ का?' मॅडमनी वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, दगडाचा नको. तिने फोन खिशात ठेवला.

वडील सत्तरीच्या पुढचे, ताठ. तरुणपणी बारा वर्षं त्यांनी सुरत, बडोदा, इंदूर असं बांधकामावर काढलं होतं. इंदूर म्हटल्यावर माझ्या छातीत धस्स झालं. कुठे कुठे, म्हणून विचारलं. त्यांनी दोन-तीन भाग सांगितले, त्यात लोकमान्य नगर नव्हतं. तरी मी त्यांना 1984 ची हकीकत सांगितली. कपांचं, फाटकाचं, सगळं. का सांगितली मला माहीत नाही. क्षमा मागायला त्यांच्याकडे जाणं बरोबर नव्हतं, ते काही त्यांचं देणं नव्हतं. त्यांनी शांतपणे ऐकलं. विचारलं, 'दो हफ्ते का कितना बनता था?' मला आकडा माहीत नव्हता. त्यांनी माणसं धरली, त्या वेळचा रोज धरला, बोटांच्या पेरांवर हिशेब केला आणि रक्कम सांगितली. मग म्हणाले, त्या वर्षी तेवढ्यात बैल आला असता.

बराच वेळ कुणी बोललं नाही. आजीबाईंनी काठी आपटली, कोंबड्या पांगल्या.

पुढे त्यांनीच हलम्याची गोष्ट काढली. कुणावर अडचण आली, घर पडलं, विहीर बुजली, की तो फलियात साद घालतो आणि प्रत्येक घरातून माणूस येतो. काम उरकतं. मजुरी नाही, उपकारही नाही. झाबुआजवळच्या हाथीपावा डोंगरावर हजारो माणसांनी असाच हलमा करून पाणी अडवायला चर खणले आहेत, हे मी पेपरात वाचलं होतं. ते म्हणाले, 'उसमें ठेकेदार नहीं होता.' एवढंच म्हणाले.

जेवायला पानिया होते. मक्याचं पीठ पानांत दाबून गोवऱ्यांच्या आरावर भाजलेलं, सोबत उडदाची डाळ. आम्ही घरच्यांबरोबर एकाच पंगतीत जमिनीवर बसलो, त्यांच्याच थाळ्यांत जेवलो. मुलीने तिसरा पानिया मागितला. आजीबाई खूश झाल्या, भिलीत काहीतरी म्हणाल्या आणि सगळे हसले. मुलीनेही मॅडमच्या मुलाला अर्थ विचारला. त्याने आधी हिंदीत सांगितला, मग आजीचे शब्द भिलीत, हळू, दोनदा.

निघताना मला राहवेना. आयुष्यभर जो शब्द तोंडात होता तो या माणसासाठी वापरायची मला लाज वाटत होती, आणि दुसरा सुचत नव्हता. मी सरळ विचारलं, 'आपको क्या कहके बुलाऊँ?'

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. 'मामा तो सब बोलते हैं,' ते म्हणाले. 'नाम से बोलो. पीछे जी लगा दो.' आणि नाव सांगितलं. ते इथे लिहू का असं मी परवा फोनवर विचारलं, नको म्हणाले, म्हणून लिहीत नाही. मला पाठ आहे.

मग त्यांनी माझं विचारलं. आमचं आडनाव कोकणातलं, जोडाक्षरांचं, हिंदी बोलणाऱ्या जिभेला जड. त्यांनी म्हणून पाहिलं, चुकलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं. मी म्हटलं, राहू द्या हो, ताई म्हणा. त्यांनी मान हलवली, मला पुन्हा एकदा सावकाश उच्चारायला लावलं, ओठांकडे नीट बघितलं आणि तिसऱ्या वेळी बरोबर म्हटलं. मग वाटेसाठी बांधून द्यायचे पानिया उलटायला ते चुलीकडे वळले.